कोराडी, खापरखेडा, हिंगणा, बुटीबोरी: प्रदूषणाबद्दल लोक सारखे विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न नागपूरच्या आसपासच्या लोकांनी पाठवलेलेच आहेत, काही व्हॉट्सॲपवर आले, काही ग्रामसभा संपल्यावर गेटाशी थांबवून विचारलेले. भाषा थोडी सरळ केली, बाकी तसेच ठेवले. तेच तेच दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, त्यामुळे केस मोठी असेल तर वकिलाला किंवा डॉक्टरला गाठाच.

१. नागपूर तर संत्र्याचं शहर, इथे कुठे एवढे कारखाने आहेत? प्रदूषण नेमकं येऊन कुठून राहिलं?

शहराच्या आत बघाल तर गाड्या, बांधकामं, रस्त्याची धूळ, कचरा जाळणं हेच दिसेल. पण शहराच्या कडेने एक चक्कर मारा. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, दोन्ही कोळशावरची वीज केंद्रं, कोराडीला १९७४ पासून वीज बनते आणि आता तिथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याला २१० चे चार आणि ५०० चा एक. त्यांच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी, भानेगाव, गोंडेगाव, कामठी, आणि कोळसा धुण्याच्या वॉशरीज. पश्चिमेला हिंगणा एमआयडीसी, दक्षिणेला बुटीबोरी, वायव्येला कळमेश्वर. रामटेककडे मँगनीजच्या खाणी, उमरेड रोडला पाचगावच्या गिट्टी खदानी. म्हणजे शहराभोवती कडंच आहे, आणि त्या कड्यावर राहणारा माणूस स्वतःला "नागपूरचा" म्हणतो पण शहराच्या आकड्यात तो नसतो. ते कसं, प्रश्न २ मध्ये बघा.

२. फोनवर हवा "समाधानकारक" दाखवते आणि इकडे आमच्या माठाच्या झाकणावर रोज राख. खोटं कोण बोलून राहिलं?

खोटं कोणीच नाही. तीन गोष्टी समजून घ्या.

एक, यंत्र कुठे आहे ते बघा. "समीर" या हवेचे आकडे दाखवणाऱ्या सरकारी ॲपवर नागपूर उघडलं की जीपीओसमोर सिव्हिल लाईन्स, अंबाझरी, महाल, रामनगर अशी नावं दिसतात. चारही शहराच्या पोटातली. वीज केंद्रांजवळच्या गावांची, सुरादेवी, खसाळा, वारेगाव, पोटा-चनकापूर, ही नावं त्यात शोधून दाखवा.

दोन, तो आकडा २४ तासांच्या सरासरीवर चालतो. रात्री दोन ते चार धूर सोडला आणि बाकी दिवस ठीक गेला तर सरासरीत तो धूर विरघळून जातो, तुमच्या छातीत मात्र नाही विरघळत.

तीन, आणि हे फार कोणी सांगत नाही, माठावर बसणारी राख बऱ्याचदा जाड कणांची असते. ॲप पीएम १० आणि पीएम २.५ मोजतं, म्हणजे १० मायक्रॉन आणि अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. त्याच्यापेक्षा जाड जे खाली पडतं ते त्या आकड्यात येतच नाही. म्हणून "आकडा चांगला आहे" आणि "घरात राख आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. साहेब लोकांनी आकडा तोंडावर फेकला तर हे सांगा.

आणि आकडा "चांगला" कोणाच्या हिशोबाने तेही बघा: पीएम २.५ ची आपल्या देशाची वर्षाची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ला सांगितलेली ५.

३. गच्चीवर पडते ती राखच आहे की कोळसा की साधी माती, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

पांढरी ताटली रात्री गच्चीवर ठेवा, सकाळी बोटाने पुसा. कोळशाची धूळ काळी असते, बोटावर काजळीसारखा डाग पडतो. राख करडी, टाल्कम पावडरसारखी मऊ, चिमटीत धरली तर खरखर कमी लागते. माती तांबूस-तपकिरी आणि खरखरीत. मग थोडी पाण्याच्या ग्लासात टाका. राखेतले काही कण पोकळ गोळ्यांसारखे असतात, ते वर तरंगतात आणि पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. माती सरळ खाली बसते. कोर्टात हा पुरावा चालत नाही, पण तक्रारीत "धूळ येते" लिहायच्या ऐवजी "राख येते" लिहिता येतं आणि मग अधिकाऱ्याला कुठल्या गेटावर जायचं ते कळतं. त्या ताटलीचा तारखेसकट फोटो ठेवा.

४. चिमणी तर एवढी उंच आहे, धूर वरच्यावर निघून जातो म्हणतात. मग जवळच्या गावांनाच त्रास का?

कारण जवळच्या गावांचा त्रास बहुतेक चिमणीचा नसतोच. तो जमिनीवरून येतो: कोळशाचा उघडा साठा, कन्व्हेअर बेल्ट, ताडपत्री न बांधता पळणारे टिप्पर, आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडलेला राख तलाव, त्यावरून वारा सुटला की झालं. चिमणीतून जे निघतं, सल्फर डायऑक्साइड आणि अगदी बारीक कण, ते लांब जातं, तो वायू हवेत हळूहळू बारीक कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर पुढच्यांच्या फुफ्फुसात जातो. हिवाळ्यात उत्तरेकडून हलका वारा असतो आणि थंड हवा जमिनीलगत बसून राहते, तेव्हा शहरालाही त्याचा वाटा मिळतो. म्हणजे गावाला दोन्ही, शहराला एक.

५. पण हवा तर सगळ्यांची एकच ना? गरीब-श्रीमंत, गाव-शहर असं कशाला करता?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि बहुतेक वेळा धरमपेठ किंवा मनीषनगर अशा शहरातल्या बऱ्या वस्त्यांकडून येतो, राग नका मानू.

हवा एक असली तरी ती घ्यायचे तास वेगळे असतात. खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत झोपणारा आणि टिनाच्या छपराखाली, वर फट असलेल्या घरात झोपणारा, दोघांच्या छातीत रात्रभरात सारखंच जाईल का? तिसरा माणूस तर त्याच राखेत उभा राहून आठ-बारा तास काम करतो, बल्करच्या (राख नेणाऱ्या टँकरच्या) तोंडाशी पाईप लावतो, तोंडाला फक्त रुमाल. त्याची बायको घरी येऊन तेच कपडे झटकून धुते. चौथं म्हणजे पैसा. ज्याच्याकडे आहे तो बेसा-पिपळ्याला फ्लॅट घेऊन निघून जातो, ज्याच्याकडे फक्त दोन एकर राखेखालचं वावर आहे त्याचं ते वावर घ्यायला कोणी येत नाही. पाचवं, पाणी. शहरात नळाला पेंचचं, कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी, गावात बोअर (प्रश्न ६).

आणि फायद्याचा हिशोब उलटा आहे. राज्यातल्या कोळशावरच्या विजेचा मोठा हिस्सा विदर्भात बनतो, कारण कोळसा इथे, पण वापराची मोठी केंद्रं मुंबई-पुण्याकडे. महावितरणचा दर मात्र सुरादेवीलाही तोच आणि पुण्यालाही तोच, राखेची काही सूट नाही. भांडेवाडीच्या कचरा डेपोचं पण असंच, कचरा सगळ्या शहराचा आणि आग लागली की धूर त्या एका बाजूच्या वस्त्यांचा. स्फोटकांचे कारखाने बघा, बाजारगावला डिसेंबर २०२३ मध्ये आणि धामण्याला जून २०२४ मध्ये स्फोट झाले, दोन्हीकडे कामगार मेले, बऱ्याच जणी आसपासच्या गावातल्या बाया होत्या. धोका कुठे ठेवायचा हे ठरवताना जागा नेहमी अशीच सापडते जिथे जमीन स्वस्त आणि माणूस गप्प.

६. आमच्या बोअरचं पाणी पिवळट येते, भांड्याला पांढरा थर बसते. प्यायचं का?

रंग आणि थर यावरून विष कळत नाही. पांढरा थर बहुतेक वेळा नुसता जडपणा असतो, आणि आर्सेनिक, पारा, शिसं असलेलं पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असू शकतं. म्हणून तपासणी हाच एक रस्ता.

ग्रामपंचायतीकडे जी छोटी किट असते तिने क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा एवढं कळतं, जड धातू कळत नाहीत. "किटने तपासलं, पाणी चांगलं आहे" यावर गप्प बसू नका. जिल्हा प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये द्या आणि अर्जात स्पष्ट लिहा की आर्सेनिक, पारा, शिसं, क्रोमियम, मँगनीज, बोरॉन, फ्लोराइड, सल्फेट, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तपासायचं आहे, नाही लिहिलं तर नेहमीच्या चार चाचण्या करून कागद हातात देतात. धातूंसाठीची बाटली लॅबकडूनच मागा, त्यात आधी ॲसिड घातलेलं असतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलेला नमुना बाद होतो. नमुना घेण्याआधी बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, दोनदा तपासा, आकडे बदलतात.

रिपोर्ट आल्यावर मर्यादा बघायच्या त्या या: आर्सेनिक ०.०१, शिसं ०.०१, पारा ०.००१, फ्लोराइड १ (दुसरा स्रोतच नसेल तर १.५), टीडीएस ५०० (तसंच असेल तर २०००), सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर.

उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आरओने बरेच जातात पण त्याचं टाकाऊ पाणी परसातल्या भाजीला घालू नका. रिपोर्ट खराब आला तर एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तहसीलदाराला, एक एमपीसीबीला (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला), पुढचं प्रश्न ९ मध्ये.

७. राख तलाव म्हणजे नेमकं काय? तो फुटला तर आम्ही काय करायचं?

आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला साधारण आठ-दहा हजार टन कोळसा खातो, आता राख किती निघत असेल तुम्हीच हिशोब करा. काही राख कोरडी उचलून सिमेंटवाल्यांना जाते, उरलेली पाण्यात कालवून पाईपने तलावात सोडतात. राख खाली बसते, पाणी मुरतं किंवा वाहून जातं. तळाला अस्तर नसेल तर मुरणारं पाणी कोणाच्या विहिरीत जातं ते सांगायला नको.

जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध पावसात फुटला, राखेचा लोंढा शेतात, नाल्यात आणि पुढे नदीत गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे येऊन गेले आणि तिथे राख टाकणं थांबवायला सांगितलं गेलं, ते गावकऱ्यांनी आरडाओरड केली म्हणून, आपोआप नाही.

फुटला तर: आधी माणसं-जनावरं वर न्या, मग त्याच दिवशी वावराचे फोटो-व्हिडिओ काढा, तलाठी आणि कृषी सहायकाकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या. थर किती इंच आहे ते पट्टी लावून फोटो घ्या. दोन दिवसांत जेसीबी येऊन साफ करून जाते आणि मग "नुकसान कुठे आहे" विचारतात. भरपाईसाठी प्रश्न १३.

८. राख फुकट मिळून राहिली, घराच्या भरावात टाकू का? राखेच्या विटा घ्यायच्या का?

विटा घ्या, त्यात राख सिमेंट-चुन्यात बांधली जाते. सुटी राख विहिरीजवळ, नाल्याजवळ, सखल प्लॉटमध्ये पाणी साचतं तिथे भरू नका, वर मातीचा जाड थर दिल्याशिवाय तर कुठेच नाही. फुकट देतात त्याचं कारण आहे: ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणणं बंधनकारक आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये दंड आहे. म्हणजे तुमचा प्लॉट त्यांचा हिशोब जुळवून देतो, तर निदान टाकणाऱ्याकडून लेखी घ्या की कुठली राख, किती टन.

९. तक्रार कुठे आणि कशी करायची? फोन केला की "बघतो" म्हणतात.

फोन विसरा. कागद करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाईन्सला उद्योग भवनात आहे, तिथे दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खाली उतरू नका. शिक्का नसलेली तक्रार झालीच नाही असं समजा.

तक्रारीत भावना एक ओळ, बाकी माहिती: तारीख, वेळ, वारा कुठून होता, काय दिसलं, किती वेळ, कोणाला काय त्रास. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपने रोज एकाच जागेवरून, एकाच चौकटीत फोटो घ्या, पंधरा दिवसांचे असे फोटो लावले की साहेबाला "त्या दिवशी धुकं असेल" म्हणता येत नाही. पाच घरांनी पाच अर्ज देण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव जोडलेला एक अर्ज भारी पडतो, दोन्ही केलं तर अजून चांगलं.

सोबत माहितीचा अधिकार टाका. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, बरेच अर्ज इथेच परत येतात. मागायचं काय: त्या कारखान्याचं चालू संमतीपत्र (मंडळाने कारखाना चालवायला दिलेली परवानगी) अटींसकट, गेल्या एक वर्षातल्या तपासणीचे अहवाल, चिमणीवरच्या ऑनलाइन यंत्राची आकडेवारी, दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा. संमतीपत्रातल्या अटी वाचून काढा. "कोळशाच्या साठ्यावर पाणी मारायचं", "ट्रक झाकायचे" अशा साध्या साध्या अटी असतात, आणि तुमच्याकडे उघड्या ट्रकचे फोटो असतात. बस, तिथेच पकड मिळते.

१०. माझे मिस्टर तिथेच ठेकेदाराकडे कामाला आहेत. तक्रार केली तर उद्या गेट पास बंद होईल.

ताई, ही भीती खरी आहे, "घाबरू नका" असं मी म्हणणार नाही. ज्या घरातला माणूस तिथे कामाला आहे त्या घराने तक्रारीवर पहिली सही करू नये एवढाच माझा सल्ला. ग्रामसभेच्या ठरावात कोणा एकाचं नाव पुढे येत नाही, महिला सभेचा ठराव घ्या, तो पण चालतो. माहितीचा अर्ज दुसऱ्या गावचा माणूसही टाकू शकतो, बाधितच असला पाहिजे असं काही नाही. गावात "रोजगार पाहिजे की हवा पाहिजे" असं भांडण लावून दिलं जातं, त्यात पडू नका, ट्रकवर ताडपत्री बांधल्याने कोणाची नोकरी जात नाही.

११. चिमणीला ते गंधक काढायचं यंत्र लावणार होते, त्याचं काय झालं?

एफजीडी. डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला, दोन वर्षांत लावायचं ठरलं, मग मुदत वाढली, परत वाढली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांचे तीन गट केले: दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवरच्या शहराच्या १० किलोमीटरच्या आतली, ती अ गटात, डिसेंबर २०२७ पर्यंत पाळायचं. अति प्रदूषित क्षेत्राच्या किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरमधली ब गटात, प्रत्येकाचं वेगळं ठरणार. बाकी सगळी क गटात, त्यांना या नियमातून सूट. परत तेच बघा, शहर जवळ असेल तर यंत्र, नुसती खेडी असतील तर सूट.

१२. जनसुनावणीला गेलो तर काही फरक पडते का? तिथे सगळं ठरलेलंच असते म्हणे.

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक. तिथे मतदान नसतं, त्यामुळे हजार लोक विरोधात बोलले म्हणून प्रकल्प आपोआप थांबत नाही. पण तिथे बोललेलं सगळं नोंदवावं लागतं, व्हिडिओ होतो, आणि प्रत्येक मुद्द्याला कंपनीला उत्तर द्यावं लागतं. उद्या कोर्टात गेलात तर तो कागद कामाचा. नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, तो मिळाला नाही तर तिथेच उभं राहून आधी हेच नोंदवा. कोराडीच्या नव्या दोन ६६० च्या संचांची सुनावणी २९ मे २०२३ ला झाली, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात, आता एवढा मुहूर्त कोण काढतं देव जाणे. लेखी हरकत मुदतीत दिली तरी चालते, उन्हात उभं राहायचीच गरज नाही.

अपवाद लक्षात ठेवा: मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत, म्हणजे एमआयडीसीत, येणाऱ्या प्रकल्पाला बऱ्याचदा जनसुनावणीच लागत नाही. बुटीबोरीवाले विचारतात "आमच्याकडे कधी झालीच नाही", तर हे कारण असू शकतं.

१३. कंपनीला दंड झाला असं पेपरात आलं. त्यातले पैसे आम्हाला कधी मिळणार?

नाही मिळत. तो दंड किंवा पर्यावरण भरपाई मंडळाकडे जमा होते. तुमच्या पिकाची, जनावराची, आजारपणाची भरपाई वेगळी मागावी लागते, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. भरपाईच्या अर्जाला घटना झाल्यापासून ५ वर्षांची मुदत आहे, पण "हे थांबवा" अशा अर्जाला फक्त ६ महिने, वर योग्य कारण दिलं तर ६० दिवस. लोक ही दोन गणितं एकत्र करतात आणि मुदत जाते. फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, कमीत कमी १००० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. पंचनामा, पाण्याचा रिपोर्ट, दवाखान्याचे कागद (प्रश्न ६, ७, १४) हेच तिथे चालतात.

खाणीच्या जवळ असाल तर आणखी एक दार आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून खाणवाल्यांना त्यात पैसे भरावे लागतात, २०२४ च्या केंद्राच्या सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरमधलं गाव थेट बाधित धरतात आणि ७० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर व्हायला पाहिजे. वैयक्तिक भरपाई यातून नाही, पण आरओ प्लांट, फिरता दवाखाना मागता येतो. ग्रामसभेचा ठराव करून कलेक्टर ऑफिसला द्या, नाही तर तो पैसा भलतीकडच्या पेव्हर ब्लॉकमध्ये जातो.

१४. बाबांना दोन वर्षांपासून टीबीची औषधं चालू आहेत, फरकच नाही. आयुष्यभर क्रशरवर काम केलं त्यांनी.

डॉक्टरला कामाचं सांगितलं का? हे सांगितलंच जात नाही. दगडाच्या, सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस एक्स-रेत टीबीसारखा दिसू शकतो, बऱ्याचदा दोन्ही सोबतही असतात, आणि तो काम सोडल्यावर दहा-वीस वर्षांनीही दिसू शकतो. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत छातीच्या ओपीडीत जा आणि केसपेपरवर लिहूनच घ्या: कुठे, किती वर्षं, कसलं काम. टीबीची औषधं मनाने बंद करू नका. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर हे व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, लाभ मिळतो. कार्ड नसेल, ठेकेदार चार बदलले असतील, तर जुनी हजेरी, बँकेत आलेली मजुरी, सोबतच्या कामगारांचं लेखी, जे सापडेल ते जमवा.

१५. आमची वस्ती रेल्वेच्या जागेवर आहे, पट्टा नाही. "तुम्हीच अतिक्रमणवाले" म्हणून हाकलतात. आम्हाला तक्रारीचा हक्क आहे का?

आहे. प्रदूषणाची तक्रार करायला सातबारा लागत नाही, पट्टा लागत नाही, घर भाड्याचं असलं तरी चालतं. स्वच्छ हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ लाच सांगितलंय. फरक कुठे पडतो: जमिनीच्या किंवा पुनर्वसनाच्या भरपाईत, तिथे कागद विचारतात. आजारपणाच्या भरपाईत जागेची मालकी नाही, तुम्ही तिथे राहत होता हे दाखवावं लागतं, त्यासाठी मतदार यादी, रेशन कार्ड, पोरांचा शाळेचा दाखला, विजेचं बिल यातलं काहीही चालतं. अर्जावर पत्ता लिहिताना "झोपडपट्टी" एवढंच न लिहिता वस्तीचं नाव आणि जवळची खूण लिहा, नाही तर तपासणीवाला "जागा सापडली नाही" लिहून अर्ज बंद करतो.